ठकीचा नंबर

चांगलं म्हणवून घ्यायची हौस वाईट. दारुड्याला निदान घरचे शिव्या घालतात; चांगल्या माणसाला कोण अडवणार? ठकीच्या आईला ही हौस लागली ती एका रविवारी, बंद पडलेल्या एका लाँड्रीत, सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा आईबापांसमोर. त्याआधी ती तुमच्याआमच्यासारखीच होती. प्राथमिक शाळेत शिकवत होती, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली होती, आणि जगाचं भलं करावं असं तिच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं.

ठकी हे अर्थातच घरातलं नाव. जन्मली तेव्हा गोल चेहरा, टपोरे डोळे आणि जिथे ठेवाल तिथे पडून राहणारी, म्हणून आजीनं कौतुकानं लाकडी बाहुलीचं नाव दिलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, हातपाय आखडलेलेच राहतील. तेव्हा आजी कितीतरी दिवस आपल्याच जिभेला दोष देत होती. पण नाव चिकटायचं ते चिकटलं.

पोरगी हसरी होती. बोलता येत नव्हतं, पण आवडलं की एक आणि नावडलं की दुसरा, असे दोन आवाज तिच्याकडे होते. तेवढ्यावर तिचं सगळं भागत असे. पाय मात्र कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, सोडवले की पुन्हा चढायचे.

मोठ्या इस्पितळातल्या थेरपिस्टनं सुरुवातीलाच खरं काय ते सांगून टाकलं होतं. "चालणार नाही. पण बसेल. खुबे जागेवर राहिले तर नक्की बसेल, आणि मूल बसलं की त्याला जग दिसतं. नाहीतर जन्मभर छत बघत पडायचं." त्यासाठी रोज पायांचा व्यायाम, झोपवताना दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी पट्ट्यानं बांधायची, आणि दर सहा महिन्यांनी खुब्यांचा एक्स-रे. ठकीच्या आईनं त्यातला 'बसेल' हा एकच शब्द उराशी धरला. चालणं नको, बोलणं नको, शाळा नको. पोरगी बसू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

पण ते इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या, कडेवर ताठरलेलं मूल, आणि पोचल्यावर दुपारपर्यंत बाकावर ताटकळायचं. त्याच बाकावर तिला जुळ्यांची आई भेटली. उंच, फटकळ, आवाज असा की तीन खोल्यांपलीकडचा झोपलेला माणूस उठावा. तिचे दोन मुलगे, दोघेही एक शब्द न बोलणारे आणि एका जागी न थांबणारे. एकाला धरावं तर दुसरा जिन्यात.

"तुझी जागची हलत नाही आणि माझे जागेवर राहत नाहीत," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "देवानं जरा वाटून दिलं असतं तर त्याच्या बापाचं काय गेलं असतं?"

दोघी इतक्या हसल्या की नर्सनं येऊन दटावलं. तिथेच, त्या बाकावरच ठरलं. असं केंद्र आपल्या भागात आपणच काढायचं. संस्था काढायची, पण मुलांना उपचार फुकट. कुठल्या आईला दोन बस बदलायला लागू नयेत.

जागा मिळाली ती लाँड्रीची. मालक म्हातारा झाला होता. जागा विकली जाईपर्यंत वापरा म्हणून त्यानं किल्ली दिली. भिंतींना अजून साबणाचा आणि वाफेचा वास होता. छताखालून, हँगर अडकवायची जाड लोखंडी दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. जुळ्यांच्या आईनं तिला लोंबकळून बघितलं आणि जाहीर केलं, "झोपाळा इथे."

पहिली बैठक तिथेच झाली. ठकीची आई शाळामास्तरीणच, तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनच दिवस येणार, मुलं जास्त, म्हणून नंबर लावावे लागतील. इतका वेळ एक गृहस्थ मांडीवर हेल्मेट घेऊन मुकाट बसले होते. ते खाकरले.

"स्पष्ट बोलतो, राग मानू नका. संस्था तुम्ही काढणार, किल्ली तुमच्याकडे, थेरपिस्ट तुम्ही आणणार. मग पहिला नंबर कुणाचा हे काय आम्हाला कळत नाही? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. जगाची रीतच आहे ती."

 बाकीच्यांच्या मनात तेच होतं, हे त्यांच्या खाली घातलेल्या मानांवरून दिसत होतं. ठकीच्या आईचे कान तापले. आयुष्यात तिच्यावर कुणी असा आळ घेतला नव्हता. ती उठून उभी राहिली.

"माझ्या मुलीचा नंबर सगळ्यात शेवटी," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यांच्या मुलांचा नंबर लागल्याशिवाय माझी ठकी या केंद्रात पाऊल ठेवणार नाही. हा माझा शब्द."

ठकीला मुळात पाऊल ठेवताच येत नव्हतं, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेल्मेटवाल्यांनी हात जोडले. जुळ्यांच्या आईनं, जिला रडताना तिच्या नवऱ्यानंही पाहिलं नसेल, ओढणीनं डोळे पुसले. ठकीच्या आईच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तिला लोकांनी 'बिचारी' म्हटलं होतं. बसमध्ये, दुकानात, नातेवाइकांत. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे मान वर करून बघत होतं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. पान्हे पुसता पुसता त्यानं ऐकून घेतलं.

"शेवटी म्हणजे कधी गं?"

"बारा तर मुलं आहेत. फार तर दोन-तीन महिने."

"माझ्याकडेही रोज एक शेवटचा फ्रिज असतो," तो म्हणाला. "तो झाला की घरी येणार असतो मी. अजून कधी झालाय का तो?"

"तुमची थट्टाच असते सगळीकडे."

"थट्टा कुठली? बरं, अध्यक्षबाई म्हणतील तसं." त्या दिवसापासून तो तिला अध्यक्षबाई म्हणायला लागला.

पुढचं दीड वर्ष तिच्या पायाला भिंगरी लागली. नोंदणीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एक साहेब म्हणाला, लाँड्रीच्या जागेत लाँड्रीच चालवता येईल. दगडाला पाझर फुटेपर्यंत ती त्याला समजावत राहिली. जुळ्यांच्या आईनं भिंती रंगवल्या. फरशीवर जुन्या गाद्या आल्या, दांडीला झोपाळा लागला, कुणीतरी मोठाले रबरी चेंडू आणून दिले. या धावपळीत ठकीला घेऊन मोठ्या इस्पितळात जाणं राहिलं. एकदा राहिलं, मग पुन्हा राहिलं. आपलंच केंद्र होतंय, आता तिकडे कशाला, असं तिनं स्वतःला सांगितलं. व्यायाम आणि उशी सासूबाईंकडे, म्हणजे ठकीच्या आजीकडे सोपवली.

त्याच दिवसांत सुतारानं खुर्ची केली. आखडलेल्या मुलांना बसायला साधी खुर्ची चालत नाही. पाठ सरळ लागते, पायांखाली फळी लागते, पट्टे लागतात, आणि पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून पुढे मधोमध लाकडी ठोकळा लागतो. नमुन्याला माप कुणाचं घ्यायचं? ठकी घरात होती, ठकीचं घेतलं. खुर्ची झाली त्या दुपारी सुतारानं ती दाराबाहेर ठेवली आणि ठकीच्या आईनं पोरीला तीत बसवलं. पट्टे आवळले. ठकी बसली. मान थोडी कलली, पण बसली. समोरून सायकली जात होत्या, एक माणूस रस्ता झाडत होता, एक कुत्रं उगाच इकडून तिकडे धावत होतं. ठकीचे डोळे सायकलीबरोबर या टोकाला जायचे, कुत्र्याबरोबर परत यायचे, आणि तिचा तो आवडल्याचा आवाज थांबतच नव्हता. आजीनं दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. सुतारही बिडी विझवून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची केंद्रात गेली. तिथे मुलांना बसवायला दुसरी होतीच कुठे?

केंद्र सुरू झालं, आणि खोटं कशाला बोला, चांगलं चाललं. फिजिओथेरपिस्ट मुलगी तरुण होती. बाह्या दुमडून, केस वर बांधून दिवसभर गादीवर गुडघे टेकून असायची. सगळे तिला मॅडम म्हणायचे. हेल्मेटवाल्यांचा मुलगा भिंत धरून उभा राहायला लागला. जुळ्यांतला एक, झोपाळ्यावर बसवलं की चक्क शांत बसायचा. अशी गोष्ट लपून राहते थोडीच? या गल्लीतून त्या गल्लीत बातमी गेली. बाराची वीस झाली, विसाची तीस. दर आठवड्याला एखादी नवी आई दारात उभी, कडेवर मूल आणि चेहऱ्यावर दोन बस बदलल्याचा शीण. तिला काय सांगणार, की आमच्या ठकीच्या मागे उभी राहा? नवं मूल ठकीच्या पुढे जायचं, ठकी एक पायरी मागे. शेवटचा नंबर हा असा प्राणी आहे की तो जागेवर कधी सापडत नाही.

मॅडम अधूनमधून म्हणायची, "ताई, ठकीला एकदा आणा ना. पाच मिनिटं बघते."

"तुमची पाच मिनिटं कुणाच्या तरी मुलाची असतात, मॅडम."

हे वाक्य नंतर पालकांत फार गाजलं.

"मग निदान खुब्यांचा एक्स-रे तरी काढा. शेवटचा कधी काढलात?"

"काढायचाय," ती म्हणायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

हेल्मेटवालेही एकदा हात जोडून आले. "ताई, बास झालं. मी त्या दिवशी मूर्खासारखं बोललो. माझ्या मुलाचा नंबर घ्या, पण ठकीला आणा."

"शब्द म्हणजे शब्द," ती हसून म्हणाली. हसताना तिला किती बरं वाटलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

आणि मग ट्रस्टचं बोलावणं आलं. एका मोठ्या कंपनीचा ट्रस्ट. त्यांच्या कचेरीत गालिचे, काचेची दारं, आवाज न करणाऱ्या खुर्च्या. तिथे तिनं केंद्राची सगळी माहिती सांगितली आणि समोरच्यांनी जांभया दाबल्या. शेवटी, निघता निघता, तिच्या तोंडून गेलं, "माझी स्वतःची मुलगी अजून रांगेतच आहे." समोरच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला. साहेबांनी चष्मा पुसला. मदत मंजूर झाली. त्यानंतर ते वाक्य ती सगळीकडेच बोलायला लागली. आधी अडखळत, मग सरावानं, मग नेमकं कुठे थांबायचं तेही कळायला लागलं. पोरगी घरात पडून होती आणि तिच्या पडून राहण्यावर केंद्र उभं होतं. आता मनात आलं असतं तरी तिला ठकीला आत घेता आलं नसतं. मग पुढच्या कचेरीत काय सांगायचं?

हे असं तिनं कधी स्वतःशी बोलून दाखवलं नाही. आपण कुणी अशा गोष्टी बोलून दाखवत नाही.

घरी तिची वेळ व्हायची ती निघण्याची किंवा झोपण्याची. सकाळी सासूबाई काहीतरी सांगायला दारापर्यंत यायच्या; ती एका पायात चप्पल सरकवत म्हणायची, "हो आई, आल्यावर बोलू." आल्यावर ठकी झोपलेली असायची, पायांत उशी बांधलेली, पट्टा घट्ट. एकदा चादर सारखी करताना तिचा हात उशीवर पडला. वर्षभर रोज वापरलेल्या उशीचा अभ्रा किती मळतो, किती चुरगळतो. हा तर दुकानातून आणल्यासारखा कोरा करकरीत होता. पट्ट्याची कडसुद्धा झिजली नव्हती. तिला सगळं एका क्षणात कळलं. सासूबाईंना नातीचं रडणं बघवत नव्हतं; दिवसभर उशी कपाटात, आणि सुनेची चाहूल लागली की पायांत. तिनं हात काढून घेतला. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मग तूच बांध. म्हणून तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला लवकर निघायचं होतं.

"लष्कराच्या भाकऱ्या," नवरा एवढंच म्हणायचा. हल्ली तो तिला अध्यक्षबाई म्हणायचा तेव्हा हसत नसे.

केंद्राला दोन वर्षं झाली तेव्हा जुळ्यांच्या आईनं गुपचूप एक बेत केला. ट्रस्टचे लोक येणार होते, सगळे पालक जमणार होते. अध्यक्षबाईंचा सत्कार करायचा, पण हार-नारळ नको, तर आज सगळ्यांच्या साक्षीनं ठकीचा नंबर लावायचा. ठकीच्या बाबांना विश्वासात घेतलं. सुताराला बोलावून तीच ती पहिली खुर्ची ठकीच्या आताच्या मापाची करून घेतली, निळा रंग दिला. एवढ्या फटकळ बाईनं एवढं गुपित पोटात ठेवलं, यातच काय ते समजा.

भाषणं झाली. ठकीच्या आईनं तिचं वाक्य म्हटलं, जिथे थांबायचं तिथे थांबली. तेवढ्यात जुळ्यांची आई उठली आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, "रांगेतली शेवटची मुलगी आज आत येणार आहे!" दार उघडलं. नवरा ठकीला दोन्ही हातांवर घेऊन आला. नवा पिवळा झगा, केसांत रिबीन. किती लांब झाली होती पोर! आईलाच क्षणभर नवल वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, ठकी दचकली, तिचं अंग ताठ झालं.

"बसव, बसव," जुळ्यांची आई म्हणाली. निळी खुर्ची पुढे आली. ट्रस्टच्या साहेबांनी फोटोसाठी फोन वर धरला. नवऱ्यानं ठकीला खुर्चीत ठेवलं. आईनं आपल्या हातानं पट्टा ओढला आणि डावा पाय मधल्या ठोकळ्याच्या पलीकडे घ्यायला मांडीला हात घातला. पाय येईना. जरा जोर लावला.

ठकी ओरडली.

आईला तिचे दोन आवाज ठाऊक होते, एक आवडल्याचा, एक नावडल्याचा. हा तिसरा होता. असा आवाज या पोरीच्या अंगात आहे हेच तिला माहीत नव्हतं.

"सोडा! ताई, हात सोडा!" मॅडम गर्दीतून वाट काढत आली. तिनं पट्टे सोडले, ठकीला उचलून गादीवर घेतलं. कुणीतरी अजून टाळ्या वाजवत होतं, ते थांबलं. मॅडमनं दोन्ही गुडघे वाकवून शेजारी शेजारी उभे केले. डावा गुडघा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. तिनं मांडी अलगद बाहेर न्यायला बघितली, ठकीनं पुन्हा तोच आवाज काढला, आणि मॅडमनं हात काढून घेतले. मग ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. ठकीच्या आईकडे तिनं बघितलं नाही. साहेबांनी फोन खिशात ठेवला.

दोन बस बदलून ती पुन्हा मोठ्या इस्पितळात गेली, या वेळी नवऱ्याबरोबर. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. काही शिकवायची गरज नव्हती, पाचवीतल्या मुलालाही दिसलं असतं. मांडीच्या हाडाचा गोळा जिथे वाटीत बसायला हवा तिथे वाटी रिकामी होती, आणि गोळा बाजूला, वर, आपला भलतीकडे.

"डावा पूर्ण बाहेर. उजवा अर्धा," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी छोट्या ऑपरेशननं भागलं असतं. आता मोठं करावं लागेल, आणि तेही दुखणं कमी करायला. बसेल असं मी म्हणणार नाही."

नवऱ्यानं विचारलं, "व्यायाम नीट झाले असते तर थांबलं असतं?"

"व्यायामानं थांबतंच असं नाही. कुणी बघितलं असतं तर वेळेवर कळलं असतं." त्यांनी पाकिटातून जुना एक्स-रे काढून शेजारी लावला. "हा इथला शेवटचा. यात दोन्ही जवळपास जागेवर आहेत. मग तुम्ही येणंच बंद केलंत. कुठे दाखवत होता?"

 शिक्षकानं प्रश्न विचारला की मुलं जशी खरं तेच बोलून जातात, तशी ठकीची आई म्हणाली, "आमचं स्वतःचं केंद्र आहे. अशा मुलांसाठी."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. "छान."

 परतीच्या बसमध्ये नवरा भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. उतरताना त्यानं ठकीला घेतलं, तिची पिशवीही घेतली, आणि तिला म्हणाला, "सांभाळून उतर." अध्यक्षबाई म्हणाला नाही. ते नाव त्यानं पुन्हा कधीच घेतलं नाही.

केंद्रातही कुणी दोष दिला नाही. जुळ्यांची आई तर खुर्ची बनवून घेतल्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारून घेत होती. हेल्मेटवाले कोपऱ्यात उभे राहून रडले. दिव्याखाली अंधार, असं कुणीतरी मागच्या बाजूला कुजबुजलं, तेवढंच; आणि ते काही खोटं नव्हतं. नंबराची पद्धत मोडली. निळ्या खुर्चीत आता एक नवा मुलगा बसायचा, त्याला ती बेतल्यासारखी व्हायची. त्याची आई ठकीच्या आईचे हात धरून म्हणाली, "तुम्ही स्वतःच्या मुलीला शेवटी ठेवलंत असं ऐकलं, म्हणून विश्वासानं आले हो." ठकीच्या आईनं मान हलवली आणि भांडारात जाऊन दार लावून घेतलं. तिथे गाद्यांचा ढीग होता, त्यात तोंड खुपसून ती रडली. केलेलं परत घेता येत नाही, ही इतकी साधी गोष्ट तिला त्या गाद्यांत तोंड खुपसल्यावर कळली.

मॅडमनं मंगळवारची दुपार ठकीसाठी राखून ठेवली. दोन वर्षं जिची वाट बघितली ती ही दुपार. पण करायचं काय, हाच प्रश्न होता.

"आता ताणायचं काही नाही, ताई," मॅडम म्हणाली. "तिला कमीत कमी दुखेल असं कसं झोपवायचं, कसं उचलायचं, तेवढं बसवून घेऊ. कुठल्या कुशीवर झोपते ती?"

ठकीच्या आईनं पोरीच्या दोन्ही कुशींकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं.

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

घरी सासूबाई ठकीच्या कॉटपाशी बसून तिचे फ्रॉक घडी करत होत्या. उशी कपाटावर पडली होती, आता ती लपवायचं कारण नव्हतं. सून आत आली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आज तिनं दोन्ही चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"उशी मी बांधत नव्हते," सासूबाई आपणहून म्हणाल्या. "फार रडायची गं. माझ्याच्यानं होत नव्हतं."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं?"

"हो."

सासूबाईंनी हातातला फ्रॉक पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. दोघींना एकमेकींवर फोडायला खापर होतं, पण दोघींनीही ते उचललं नाही.

"आई, ठकी कुठल्या कुशीवर झोपते?"

"उजव्या. डावीवर ठेवलं की तो आवाज काढते."

"कुठला आवाज?"

"परवा केंद्रात काढला म्हणे, तोच असणार." हे त्यांना लेकानं सांगितलं होतं, सुनेनं नाही. "पोटातून येतो बघ. काळजात चर्र होतं."

"कधीपासून काढतेय?"

"झालं की वर्ष. जास्तच."

 "आई, मग मला का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर निदान त्याला धरून काही बोलता आलं असतं.

"सांगितलं की गं. इथे, दारातच. म्हटलं, पोरीचा डावा पाय दुखतोय, हात लावू देत नाही. तू निघाली होतीस." त्यांनी फ्रॉक मांडीवर ठेवला. "तू म्हणालीस, नंबर लागला की मॅडमना दाखवू."

तिला आठवलं. एका पायात चप्पल होती, दुसरी सापडत नव्हती. त्या दिवशी ट्रस्टच्या कचेरीत जायचं होतं आणि बस चुकेल अशी धास्ती होती. आपण नेमकं काय ऐकलं होतं ते आठवलं नाही. आपण काय उत्तर दिलं ते मात्र अक्षर न् अक्षर आठवलं.

ठकी उजव्या कुशीवर पडली होती. त्या कुशीवर तिचं तोंड भिंतीकडे यायचं. भिंतीला पिवळट रंग होता, मध्ये एक बारीक तडा गेला होता, आणि वर्षभर पोर तेवढंच बघत आली होती. आई उठली. कॉट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती, तीत तिनं अंग चोरून स्वतःला कसंबसं कोंबलं, आणि वाकून ठकीच्या तोंडासमोर तोंड आणलं.

ठकीनं तिला बघितलं. डोळे मोठे झाले, ओठ फाकले, आणि तिनं आवडल्याचा आवाज काढला. सायकली आणि कुत्रं बघून काढला होता तोच. थांबली, आणि पुन्हा काढला.

आईला तो ऐकवेना. पण बाहेर पडायला तिथून जागा नव्हती, म्हणून ती तशीच उभी राहिली.